पाठ फिरवणाऱ्याचा भाव

रूपसिंगच्या हातात मोबाईल आला आणि बैलबाजारानं एक नावाजलेला दलाल गमावला, अशी तांड्यात सगळ्यांची तक्रार होती. तक्रार कसली, कौतुकच. शिरड शहापूरजवळच्या या तांड्यावर रूपसिंगनं उभी हयात बैलांच्या सौद्यांत घालवली होती. विकणारा एकीकडं, घेणारा दुसरीकडं आणि मधे रूपसिंग. हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी खेटून उभ्या असलेल्या माणसालाही बैल केवढ्याला गेला याचा पत्ता लागत नसे. पुढं ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, रूपसिंगचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि मग इथून पुढं बैल हाकायचे ते मोबाईलवरच, असं त्यानं ठरवून टाकलं.

ते बैल त्याच्या लेकीनंच बनवलेले होते, म्हणून हा नाद घरात खपून जात होता. निता नांदेडला कॉम्प्युटर शिकली, काही वर्षं पुण्यात दुसऱ्यांचे गेम बनवत बसली आणि एक दिवस बॅग उचलून परत आली, ती स्वतःचा गेम बनवणार म्हणूनच. जवळा बाजारात नासेरमामूंचं मोबाईलचं दुकान आहे. त्यांची भाची अजरा चित्रांत आणि व्यवहारात सारखीच तरबेज. या दोघींनी दुकानावरची खोली धरली आणि तिथं 'लदेणी' जन्माला आला. जुन्या काळी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या धंद्याचं नाव लदेणी. गेममध्ये आपण तोच तांडा हाकायचा. बैल निवडायचे, पाण्याची जागा हेरायची, चोरांपासून माल वाचवायचा. गेम फुकट होता, त्यामुळं पार यवतमाळपासून तेलंगणापर्यंतच्या तांड्यांवर लोक तो खेळत होते. निताचं नाव झालं होतं. नावानं खोलीचं भाडं तेवढं भागत नव्हतं.

म्हणून मग दोघींनी आठ महिने खपून 'पूर्णापार' बनवला. हा गेमचा पुढचा भाग, वेगळे पैसे मोजून घ्यायचा. त्यात पूर आलेली पूर्णा ओलांडायची होती, पलीकडचा नवा मुलूख होता, आणि सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे बैलांच्या झुली. निताची आई जमनाबाई तांड्यातल्या बायकांचा भरतकामाचा गट चालवते. कवड्या, आरसे आणि रंगीत दोऱ्याच्या पिशव्या या बायका बनवतात आणि जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मांडतात. अजरानं प्रत्येकीच्या टाक्याचे फोटो काढले आणि ते टाके गेममधल्या झुलींवर उतरवले. ज्या बायकांनी जन्मात कधी गेम खेळला नव्हता, त्या आता एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघायच्या आणि "ह्यो बैल माझा!" म्हणून भांडायच्या. जमनाबाईनं दोघींना टाके शिकवले होते, त्यांची नावं शिकवली होती, आणि चुकलेली चित्रं तोंडावर चुकली म्हणून सांगितली होती.

राहिला प्रश्न भावाचा. अजराच्या ओळखीचा एक शहरातला जाणकार होता, त्यानं फोनवर सल्ला दिला. सुरुवातीला एकशे नव्याण्णव लावा. जो बघून परत जाईल त्याला दोन-तीन दिवसांनी नव्याण्णव दाखवा. तरी हलला नाही तर एकोणपन्नास. सगळेच असं करतात. अजरानं हे निताला सांगितलं तेव्हा निता उलटं चालणाऱ्या एका बैलाला सरळ करत होती. "टाक तसं," ती मान वर न करता म्हणाली. दलालाच्या लेकीला त्यात वावगं असं काय दिसणार होतं?

तिकडं तांड्यावर रूपसिंगनं गेममधला आपला तांडा नदीकाठी नेला आणि पडद्यावर भाव उमटला. रूपसिंग हसला. "पयला सांगितलेला भाव कुनी देतं व्हय?" असं म्हणत त्यानं मोबाईल पालथा ठेवला, तंबाखू मळली आणि शेताकडं निघून गेला. गिऱ्हाइकानं पाठ फिरवल्याशिवाय विकणाऱ्याला खरा भाव आठवत नाही, हा त्याचा जन्मभराचा अनुभव. आणि खरंच, दोन दिवसांनी मोबाईल किणकिणला. तुमच्यासाठी खास, फक्त नव्याण्णव! रूपसिंग खाटेवरून उठून उभाच राहिला. मशिनीनं त्याला माघारी बोलावलं होतं! त्यानं पुन्हा पाठ फिरवली. एकोणपन्नास झाल्यावरही तो आणखी एक दिवस ताणून बसला. मालक आता खाली येत नाही अशी खात्री पटली तेव्हा कुठं त्यानं सौदा पुरा केला.

मग लिंबाखाली बसून त्यानं अख्ख्या तांड्याच्या गड्यांना ही विद्या शिकवली. "दाबू नका. नुसतं बघा अन् फिरा माघारी. त्यो हाक मारतो, म्या सांगून राहिलो." गड्यांनी एकजात पाठ फिरवली. आठवड्याभरात तांड्यातल्या एकेका गड्यानं एकोणपन्नासात नदी ओलांडली. रूपसिंगनं निताला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सौदा चालू असताना मालकाशी बोलायचं नसतं, म्हणे.

निता शनिवारी घरी आली तेव्हा संध्याकाळच्या जेवणाला त्यानं हा किस्सा काढला. घरात ते सगळे आपली बंजारा बोली, गोरमाटी, बोलतात, पण सौद्याची गोष्ट सांगायची म्हटली की रूपसिंग बाजारातल्या मराठीवरच येतो. मशिनीनं कशी हाक मारली, आपण कसे हललो नाही, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं.

"बेटा, मशिनीला सौदा करायला शिकवलंस तू," तो म्हणाला. "मानलं तुला. माझी पोरगी शोभतीस."

निता हसून हसून बेजार झाली. "अन् बा, शेवटी केवढ्याला पडला?"

"एकोनपन्नास!"

जमनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"केवढ्याला म्हनलात?" तिनं विचारलं.

रूपसिंगनं आकडा पुन्हा सांगितला, तोही छाती फुगवून.

"म्या दोनशे दिले," जमनाबाई म्हणाली. "एक रुपया कमी. नासेरच्या दुकानात रोख, पयल्या दिवशी."

निता आईकडं बघतच राहिली. "याडी, तू काहून इकत घेतलास? म्या तुला तसाच दिला असता की!"

"तसाच घेतला असता, तं भिकाबाईला कोन्या तोंडानं म्हनले असते, घे म्हनून?" जमनाबाईनं पिठाचे हात ताटलीत झटकले. "गटातल्या समद्या बायांना म्या पाठवलं. नीलाबाईनं घेतला, भिकाबाईनं घेतला. माझ्या शब्दावर. म्या म्हनलं, माझ्या पोरीचा माल हाय, भाव एकच असन. आमी पिशवीचा लावतो तसा."

रूपसिंगनं सावरायचा प्रयत्न केला. "आगं, बाजार हाय त्यो. रुमालाखाली बी हरेकाचा भाव येगळाच असतो."

"रुमालाखाली दोन हात असत्यात," जमनाबाई म्हणाली. "तुमी त्याचं बोट दाबता, त्यो तुमचं दाबतो. इथं माझा एकलीचाच हात होता. मला तं रुमाल टाकलाय हेच ठाऊक न्हवतं."

बाजारातल्या एकेका व्यापाऱ्याला निरुत्तर करणारा रूपसिंग पाण्याचा तांब्या शोधायला लागला.

"ज्यानं पाठ फिरवली त्याला सस्तात," जमनाबाई निताकडं वळली, "अन् जी लेकीचं म्हनून पळत गेली तिला महाग. कुनी लावला ह्यो भाव?"

अजराचं नाव घेता आलं असतं. त्या शहरातल्या जाणकाराचं तर आणखी सोपं होतं. पण आईसमोर निताला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. "म्या," ती म्हणाली.

जमनाबाई परत चुलीकडं वळली. तिनं उरलेल्या भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं, आणि निताच्या ताटात नेहमीसारखं लोणी घालायचं मात्र विसरली. निताला ते लागलं. चांगलंच लागलं.

सकाळी उठून बघते तर भिकाबाई दारात. तिच्या नवऱ्यानं लिंबाखालची विद्या वापरून एकोणपन्नासात काम भागवलं होतं आणि वर बायकोला चिडवलंही होतं. भिकाबाई गटातली सगळ्यांत बारीक टाका घालणारी बाई. तिच्या पिशव्या आधी उठायच्या, आणि त्यांचा भाव काय लावायचा ते आजवर जमनाबाई सांगत आली होती. भिकाबाई विकायला कधी बसली नाही. जमना जेवढे आणून देईल तेवढे मुकाट्यानं घ्यायची.

आज ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "जमना, माझ्या पिशव्यांचा भाव बी असाच हाय का? तू बाजारात इकतीस एका भावानं अन् मला सांगतीस दुसरा?"

जमनाबाईचा चेहरा एकदम उतरला. पंधरा वर्षं तिनं हा गट बांधला होता, तो एवढ्याशा विश्वासावर. ती बाजारात जो भाव घेते तोच घरी येऊन सांगते, एवढंच त्या गटाचं भांडवल.

"न्हाई गं," ती एवढंच म्हणाली.

"येत्या बाजाराला हिंगोलीचा यापारी येऊन राहिला," भिकाबाई म्हणाली. "माझा माल म्या त्यालाच देते. नीलाबाई बी तेच म्हनते."

निताला राहवलं नाही. ती पुढं झाली. "मावशी, चूक माझी हाय, याडीची न्हाई. तुमचे समदे पैसे वापस देते. गेमच फुकट करते समद्यांना!"

भिकाबाईनं मान हलवली आणि ती निघून गेली. आई आता आपल्याला जवळ घेईल, निदान बरं केलंस म्हणेल, असं निताला वाटलं. जमनाबाई कडाडली.

"फुकट काहून? आठ महिने डोळे फोडले तुमी दोघींनी, त्याचं काय? त्यात आमचा टाका हाय, त्याला मोल न्हाई? भाव चुकला तुझा. माल चुकला न्हाई."

"मंग केवढा लावू? तू सांग."

"म्या काहून सांगू? तुला काम किती पडलं ते तुला ठाऊक." जमनाबाईनं डोळ्यांत आलेलं पाणी मनगटानं पुसलं आणि तिचा आवाज खाली आला. "जेवढा लावशील, तेवढा माझ्या तोंडावर सांग. अन् तोच भिकाबाईच्या तोंडावर सांग. दोन्ही बारीला मान वर ठेवून सांगता आला, तं त्यो बराबर."

निता त्याच पावली जवळा बाजारला गेली. खोलीत अजरा काम करत होती. तिचा कॉम्प्युटर इतका जुना झाला होता की त्याला टेबलफॅन लावून थंड ठेवावं लागे, आणि 'पूर्णापार'च्या पहिल्या कमाईतून नवा घ्यायचा हे दोघींनी ठरवूनच टाकलेलं होतं. नितानं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "भाव नव्याण्णव. सगळ्यांना, कायमचा. आणि ज्यांनी एकशे नव्याण्णव दिले त्या प्रत्येकाला शंभर परत."

अजरानं टेबलफॅनकडं पाहिलं. "प्रत्येकाला? ज्यांनी तक्रार केली नाही त्यांनापण?"

"त्यांना आधी."

"यार निता, हा कॉम्प्युटर आता जीव सोडेल. आणि सगळे गेमवाले असंच करतात. लोकांना सवय आहे. उलट स्वस्तात मिळालं म्हणून खुश होतात."

"खुश कोण झालं? ज्यांना आपली पडलेली नव्हती ते. पहिल्या दिवशी कोण आलं होतं, आठव बरं. माझी याडी, तिच्या गटातल्या बाया, आपल्या कॉलेजच्या पोरी..."

अजराचा हात एकदम कपाळावर गेला. "या अल्लाह. अम्मी!"

"काय झालं?"

"अम्मीला मोबाईलची बॅटरी लावता येत नाही. पण पहिल्या दिवशी खाली मामूंच्या दुकानात जाऊन घेऊन आली. मला कौतुकानं दाखवायला वर आली होती. मी हसले होते तिला." अजरा खुर्चीत मागं रेलली. "मैंने अपनी अम्मी को ही लूट लिया."

नासेरमामू चहा घेऊन वर आले तेव्हा दोघी पोरी एकदम हसत आणि डोळे पुसत होत्या. काय प्रकार आहे ते त्यांना कळलं नाही. कळल्यावर मात्र ते गंभीर झाले. "मेरे काउंटर पर लिए गए हैं, तो मेरे काउंटर से ही वापस जाएंगे," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून खाली गेले. लांबच्या लोकांना अजरानं निरोप लिहिला. भाव लावताना आमची चूक झाली, जे आधी आले त्यांनाच जास्त पडलं, फरक परत घ्या. दोनच ओळी. नवा कॉम्प्युटर त्या दोन ओळींत गेला, पण निताला आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा भूक लागली.

बाजाराच्या दिवशी ती गटाच्या दुकानापाशी आली तेव्हा ती भूक पुन्हा पळाली होती. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक लुगडं, त्यावर पिशव्या आणि तोरणं. एरवी तिथं सहा-सात जणी दाटीवाटीनं बसायच्या आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. आज जमनाबाई एकटीच होती. समोर कोपऱ्यावर हिंगोलीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता, आणि गटातल्या बायका काखेत गाठोडी धरून टेम्पोच्या आणि लुगड्याच्या अधेमधे घुटमळत होत्या. जायचं तर लाज वाटत होती आणि यायचं तर राग गेला नव्हता.

निता आईसमोर जाऊन उभी राहिली. मान वर ठेवायला तिला कष्टच पडले. "याडी, भाव नव्याण्णव. समद्यांना एकच."

मग ती तशीच वळली आणि बायकांच्या घोळक्यात भिकाबाईपुढं गेली. "मावशी, भाव नव्याण्णव. समद्यांना एकच. तुमचे शंभर नासेरमामूंपाशी हाईत."

"घेतले म्या," भिकाबाई म्हणाली. तिच्या मुठीत नोट होती. "मागितले तं न्हवते."

"तुमचेच हाईत."

"अन् ह्या गड्यांचं काय, ज्यांनी एकोनपन्नासात घेतला?"

ज्यांनी कमी दिले त्यांच्याकडून आता वाढवून कसे मागणार? निता काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात गर्दीतून रूपसिंग आला. बाजारात तो कधी मान खाली घालून चालत नाही. आज चालत होता. त्यानं निताच्या हातात पन्नासची नोट कोंबली आणि इकडंतिकडं न बघता म्हणाला, "माझे राहिले होते."

निताला हसू फुटलं. "बा, सौदा तं झालेला होता!"

"झाला होता," रूपसिंग म्हणाला. "पर बाईल बोलून न्हाई राहिली माझ्याशी. अन् तिचं खरं हाय, दोन हात न्हवते त्यात. बाकीच्या गड्यांनाबी सांगतो म्या. देतील का न्हाई, ते त्यांचं ते जानोत."

लुगड्यावरून जमनाबाईचा आवाज आला. "सौदा झाल्यावर वाढवून देनारा दलाल आज पयल्यांदा बघून राहिले बाई म्या!"

बायका हसल्या. आधी नीलाबाई, मग बाकीच्या. रूपसिंगनं रुमालानं तोंड पुसलं आणि चहाच्या गाड्याकडं सटकला. जमनाबाई त्याच्याकडं बघत होती. नवऱ्याचं असं मोकळं कौतुक तिच्या चेहऱ्यावर निताला फार वर्षांनी दिसलं.

भिकाबाई मात्र हसली नव्हती. ती टेम्पोकडं बघत होती. व्यापारी मागचं फळकूट पाडून बसला होता आणि कुणाच्या तरी पिशव्या उलटसुलट करत घासाघीस करत होता. मग तिनं काखेतलं गाठोडं नीट धरलं आणि चालायला लागली. निताला वाटलं, गेली. पण भिकाबाई लुगड्यापाशी येऊन थांबली, खाली बसली, आणि गाठ न सोडता तिनं ते गाठोडं जमनाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"भाव तू सांग," ती म्हणाली. "म्या न्हाई इचारनार."

जमनाबाई गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, लवकर सुटेना. निता आईजवळ बसली आणि तिला गाठ सोडू लागली.